बोरं वगळता चारित्र्य उत्तम

बोरी अरब, ता. दारव्हा
११ डिसेंबर २००७

आदरणीय कपिलदादा,

तुमच्या बहिणीच्या नवऱ्याचा, म्हणजे डोमाजीचा, सविनय जयभीम. इकडे सगळे खुशाल. तुमच्या गुडघ्याचं काय? (तेल लावून उन्हात बसत जा. पुण्यात ऊन कमी असेल तर कळवा, इकडे भरपूर शिल्लक आहे.)

दादा, आनंदाची बातमी! तुम्ही ज्या राज्य समाजसेवा मंडळात बावीस वर्षं हेडक्लार्क आहात, त्याच्या संचालकपदाची जाहिरात वाचली आणि अंगावर काटाच आला. सगळं वर्णन माझंच! कायद्याने समाजकार्याची पदव्युत्तर पदवी 'किंवा समकक्ष पात्रता' लागते. (या 'समकक्ष'वर माझा फार जीव आहे. माझं बी.ए. तिसऱ्या प्रयत्नात झालं, म्हणजे अभ्यास तिप्पट.) शिवाय दहा वर्षांचा अनुभव. कापसाचं बिनसल्यापासून गावात उठसूट पाहणी पथक येतं, आणि प्रत्येकाला रस्ता, चहा अन् माहिती मीच पुरवतो. आजवर सत्तावीस पथकं झाली. एवढा अनुभव पथकांनाही नसेल.

घोडं अडलं चारित्र्याच्या दाखल्यापाशी. तो पोलिसांकडून घेतात हे मला कुठे ठाऊक? चारित्र्य गावाला माहीत, म्हणून सरपंचाला सांगून सरळ ग्रामसभाच बोलावली. एरवी सभेला दहा डोकी जमत नाहीत, माझ्या चारित्र्यासाठी अख्खं गाव लोटलं. उकंडा उठला, "यानं सातवीत असतानी माह्या वावरातले बोरं चोरले!" भागीरथामावशी कडाडल्या, "चोरले त चोरले! माहा बुढा दवाखान्यात होता तवा रोज डबा कोन नेत होतं रे?" मग बोरं पायलीभर होती की ओंजळभर, यावर दुसरी सभा भरली. अखेर 'बोरं वगळता चारित्र्य उत्तम' असा ठराव एकमताने झाला. उकंडाचा हात वर गेला तेव्हा, खोटं कशाला सांगू, मला रडू आलं.

आता दाखला जोडून अर्ज उद्या रजिस्टरने टाकतो. सत्यशीलाही खूश दिसते. सारखी हसते.

तुमचा,
डोमाजी

ता.क. : कायद्यात एक बारीकशी अट आहे. संचालकाचा जवळचा नातेवाईक मंडळाच्या नोकरीत नसावा. तेव्हा तुम्ही सोमवारपर्यंत राजीनामा द्यावा, ही नम्र विनंती.

ता.क. दुसरा : दादा, मी सत्यशीला. पत्र टाकायला माझ्याकडे दिलंय. तू राजीनामा-बिजीनामा देऊ नको. दुसरी सभा भरली त्याच दिवशी अर्जाची मुदत संपली. यांना अजून सांगितलं नाही. गाव 'संचालकसाहेब' म्हणतं आणि हे मान खाली घालून लाजतात. आमच्या लग्नातही इतके लाजले नव्हते. चार दिवस लाजू दे.