सुशांतची हिरवी रेघ

माजिवडा, ठाणे
२४ सप्टेंबर २०२५

प्रिय संचिता,
अनेक आशीर्वाद.

“कुलूप लावायच्या आधी आत एकदा हाक मारायची.” बाबा हे म्हणाले तेव्हा मी सातवीत होते आणि सुशांत माझं बोट धरून उभा होता. डोंबिवलीच्या रंगाच्या कंपनीत ते स्टोअर सांभाळायचे. आम्ही डबा घेऊन गेलो होतो. आत कोणी नाही हे माहीत असूनही त्यांनी अंधारात हाक मारली आणि उत्तर येत नाही याची खात्री होईपर्यंत थांबले. सुशांतला फार हसू आलं होतं. कालपासून ते वाक्य डोक्यातून जात नाही.

मायन्यात तुझ्या नावाआधी ‘सौ.’ लिहिता येईना, म्हणून नुसतं ‘प्रिय’ लिहिलं. राग मानू नकोस. तू फोन उचलत नाहीस. प्रेम म्हणाला की ताईने फोन बंद करून कपाटात ठेवलाय. म्हणून हे पत्र त्याच्याच हाती देतेय. तुझा भाऊ रोज आमचं गोदाम सुटल्यावर आंबिवलीला तुमच्याकडे येऊन जातो, याचा मला मोठा आधार वाटतो.

सुशांतच्या तेराव्यानंतर कालच गोदामात कामावर गेले. माझी काचेची खोली वर, तिथून खालच्या सगळ्या रांगा दिसतात. कुठला माल कुठे ठेवायचा, कोणी किती उचलायचा, हे सिस्टीममध्ये आखायचं आणि दिवसभर पडद्यावर बघायचं, हे माझं काम तुला ठाऊक आहे. सुशांत ‘बाईसाहेबांचा टीव्ही’ म्हणून चिडवायचा. दिवाळीच्या सेलचा माल आलाय, माणसं कमी आहेत. त्याच्या जागी दुसरा माणूस घेतलाय. त्याचं नाव अजून मला वाचवत नाही.

आईच्या डोळ्यांत थेंब घालायला विसरू नकोस. ती स्वतः आठवण करून देणार नाही. काही हवं असेल तर कळव. लोभ होता तसाच ठेव, यापेक्षा जास्त आज मागवत नाही.

तुझी,
रसिकाताई


आंबिवली
२७ सप्टेंबर २०२५

ती. ताईंस,
संचिताचा सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. आईंना वाचून दाखवलं. बाबांच्या हाकेचं ऐकून त्या हसल्या, मग तोंडावर पदर घेऊन बसल्या. थेंब मी घालते, दोन्ही वेळा. काळजी नसावी.

फोन का बंद ठेवलाय ते सांगते. त्यात तुमचा मेसेज आहे. त्या दिवशी दुपारचा. ‘दादा आज जोरात आहे, रेघ हिरवीगार, रात्री गोड कर काहीतरी.’ तुम्ही मोठ्या असून त्यांना गंमतीने दादा म्हणायचात. मी शेवया काढून ठेवलेल्या. संध्याकाळी फोन आला की ते माळ्यावर मागच्या रांगेत सापडले.

ताई, मी फार शिकलेली नाही, पण एवढं मला कळतं. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले की जेवणानंतर थोड्याच वेळात गेले असणार, अंग पार ताठलेलं. तुमच्या कंपनीचा माणूस घरी आलेला, तो म्हणाला सिस्टीममध्ये शिफ्ट संपेपर्यंत ते काम करत होते. आणि तुमचा मेसेज चहाच्या सुट्टीनंतरचा आहे. म्हणजे माझा नवरा तिथे पडलेला असताना तुमच्या टीव्हीवर काम कोण करत होतं?

मला कोणाशी भांडायचं नाही. फक्त त्या दुपारी काय झालं ते हवंय. झोपताना रोज मी ती दुपार वेगवेगळी रचते. एकदा त्यांनी हाक मारली असं वाटतं, एकदा वाटतं मारलीच नाही. एक काहीतरी खरं कळलं तर बाकीच्या सुटतील.

प्रेमला विचारलं तर तो म्हणतो मला माहीत नाही, आणि भांडी घासायला बसतो. माझ्या लग्नाआधी त्याने कधी स्वतःचा चहाचा कप उचलला नव्हता. तेवढाच एक माझ्याजवळ आहे.

तुमच्या मायेची सवय आहे, म्हणून एवढं धीटपणे विचारलं.

आपली,
संचिता


माजिवडा, ठाणे
४ ऑक्टोबर २०२५

प्रिय संचिता,
अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर केला. तीनदा लिहून फाडलं. तुझा प्रश्न बरोबर आहे आणि तू तो मलाच विचारलास हेही बरोबर.

खाली प्रत्येकाच्या हातात एक मशीन असते, खोक्यावरची खूण वाचणारी. सगळे तिला गन म्हणतात. प्रत्येकाची गन त्याच्या नावाने चालू होते. खोकं उचललं की गन मारायची, की वर माझ्या पडद्यावर त्या नावाची रेघ पुढे सरकते. हात चालू असले तर हिरवी, थांबले तर पिवळी, फार थांबले तर लाल. ज्याची रेघ सारखी लाल होते त्याला ठेकेदार पुढच्या महिन्यात बोलवत नाही. कुठल्या कामाला किती वेळ लागावा हे सिस्टीममध्ये मी भरलंय. त्यासाठी मी स्वतः रांगांतून चालून पाहिलं होतं. पण ते थंडीचे दिवस होते आणि पायांत चांगले बूट होते. पत्र्याखालच्या माळ्यावर सप्टेंबरात काय होतं ते मी आखलेलं नाही.

म्हणून खाली एक रीत पडलीय. कोणाला ताप असला, कोणा बाईचं पोट दुखत असलं, की तिने कुठेतरी टेकायचं आणि दुसऱ्याने तिची गन घ्यायची. एक खोकं आपल्या नावावर, एक तिच्या. याला ते जोडी चालवणं म्हणतात. वरच्या सगळ्यांना ठाऊक आहे. मलाही होतं. मी बघून न बघितल्यासारखं करायचे आणि आपण किती समजूतदार आहोत असं मला वाटायचं.

त्या दुपारी सुशांतची जोडी कोणीतरी चालवत होतं. त्याची रेघ हिरवी राहिली, म्हणून त्याला शोधायला कोणी गेलं नाही. मीही नाही. मी तुला मेसेज केला.

कोणी, ते विचारू नकोस. कॅमेरा त्या रांगेपर्यंत पोचत नाही आणि कंपनीच्या अहवालात मी ‘सांगता येत नाही’ असं लिहून सही केलीय. ज्याने केलं त्याने सुशांतला बरं वाटावं, त्याचं काम राहावं म्हणून केलं, एवढं मी शपथेवर सांगते.

आईला हे वाचून दाखवू नकोस. स्वतःला जप. माझ्याविषयी मनात जे उरलं असेल ते असू दे.

तुझी,
रसिकाताई


आंबिवली
९ ऑक्टोबर २०२५

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

आईंना वाचून दाखवू नकोस हे तुम्ही शेवटी लिहिलंत. मी सुरुवातीपासून वाचत गेले. आई खाटेवर, मी उंबऱ्याशी, आणि प्रेम जेवायला बसलेला. जोडी चालवण्याचं आलं तसा त्याचा हात थांबला. ‘ज्याने केलं त्याने’ इथवर आले आणि त्याने ताट बाजूला सरकवलं.

तो म्हणाला, जेवण झाल्यावर भाऊजींना छातीत जळजळत होतं, पित्त म्हणत होते. हा म्हणाला तुम्ही माळ्यावर जरा पडा, गन द्या इकडे. त्यांनी बूट काढून ठेवले आणि पुठ्ठ्यांवर आडवे झाले. चहाच्या सुट्टीत हा वर बघायला गेलेला. जिन्यातूनच त्याला त्यांचे पाय दिसले. मग तो जे म्हणाला ते तसंच लिहिते, कारण माझ्या कानांतून ते निघत नाही. “मला वाटलं झोप लागलीय, झोपू दे. उठवलं नाही ताई.”

आणि खाली येऊन त्याने परत त्यांच्या नावावर गन मारली. तिकडे तुमची रेघ हिरवी, इकडे माझ्या शेवया काढलेल्या.

मी त्याला घराबाहेर काढला. चप्पल घालायलासुद्धा थांबू दिलं नाही. त्याने यांना खांदा दिलाय, ताई. दहाव्याला नदीवर उभा होता. एवढे दिवस माझ्या हातचं जेवला, आईंच्या पाया पडून जायचा, आणि मी रोज त्याच्यापुढे बसून तीच दुपार रचत होते. तो भांडी घासायचा. हे मला सहन होत नाही. उठवलं नाही हे एक वेळ समजेल. गप्प बसला हे नाही.

तो गेल्यावर आईंनी एकच विचारलं, तो जेवून उठला का.

आता तुम्हाला एक विचारते. तुम्ही ओळखलं होतंत ना? ते पत्र त्याच्याच हाती देताना तुम्हाला माहीत होतं ना?

तो माझा भाऊ होता. आता नाही. त्याच्याबद्दल मला काही लिहू नका. हे पत्र पोस्टाने पाठवतेय, न्यायला आता कोणी नाही.

संचिता


माजिवडा, ठाणे
१५ ऑक्टोबर २०२५

प्रिय संचिता,
आशीर्वाद.

हो, माहीत होतं. दिवस उलटून गेल्यावरही सिस्टीममध्ये ती दुपार पुन्हा चालवून बघता येते. तेराव्यानंतर कामावर गेले त्याच दिवशी मी ती बघितली. सुशांतची आणि प्रेमची, दोन्ही रेघा शेजारी. एक सरकली की दुसरी थांबायची, दुसरी सरकली की पहिली. जेवणानंतर त्या एकदाही एकत्र सरकल्या नाहीत. दोन माणसं असती तर कधीतरी सरकल्या असत्या. आणि एक गोष्ट तुला कळायला हवी. सुशांतची रेघ प्रेमच्या रेघेपेक्षा जास्त हिरवी होती. त्याने स्वतःची पिवळी होऊ दिली, तुझ्या नवऱ्याची होऊ दिली नाही.

पाकीट चिकटवून त्याच्या हातात दिलं तेव्हा मला वाटलं, तो वाटेत फाडून टाकेल आणि आपण तिघंही सुटू. त्याने ते तुला आणून दिलं. मी फाडून टाकलं असतं.

तू त्याला बाहेर काढलंस त्याच्या दुसऱ्या दिवशी तो अनवाणी आमच्याकडे आला. आत ये म्हटलं तर आला नाही, दाराबाहेर चपलांच्या फळीवर बसून राहिला. पाणी प्यायला आणि तिथून तडक गोदामात गेला. आमच्या मॅनेजरसमोर, विनीतसमोर, उभं राहून त्याने सगळं सांगितलं. काढून टाकलं त्याला. सांगितलं नसतं तर राहिला असता, माझ्या सहीवर. आता मानपाड्याला एका मित्राच्या खोलीवर आहे, तिकडच्या एका कारखान्यात डबे भरायला जातो.

कंपनीने उपायही केलाय. आता गन थोड्या थोड्या वेळाने अंगठा मागते, ज्याचं नाव त्याचाच. कोणी कोणाची जोडी चालवू शकणार नाही. ते सगळं सिस्टीममध्ये बसवायचं काम माझ्याकडे आलं. करणार नाही म्हणायचं ठरवून घरातून निघाले होते. केलं. काल एक बाई तापाने फणफणली होती, रॅकला टेकून उभी राहून अंगठा लावत होती. तिची रेघ पिवळी झाली, मग लाल. मी खाली उतरून तिला घरी पाठवलं. रोज किती वेळा उतरता येईल ते माहीत नाही.

त्याच्याबद्दल लिहू नका म्हणालीस. ऐकलं नाही मी तुझं. तुझा राग खोटा नाही, आणि तो गप्प बसला हे मीही विसरणार नाही. मीही गप्प बसले होते, आणि मला तू अजून ताई म्हणतेस.

पुढच्या आठवड्यात भाऊबीज. मला या वर्षापासून ओवाळायला कोणी नाही. तुम्हाला दुखवट्याचं वर्ष, सण नाही, ताट करायचं नाही, ते मला कळतं. प्रेम त्या दिवशी आंबिवलीला येईल. मी त्याला येऊ नकोस म्हटलं नाही. तो कडी वाजवणार नाही, नुसता उभा राहील, मी ओळखते त्याला. तू नाही म्हणशील, हे लिहिताना माझ्या कानावर येतंय. तरी मागते. ओवाळू नकोस, बोलू नकोस, पाणीही विचारू नकोस. फक्त दार उघडं ठेव आणि त्याला आत येऊन आईजवळ बसू दे.

रसिकाताई