वाडग्याची दुसरी बाजू

आई, तो काळा वाडगा अजून माझ्याकडेच आहे. कात्रपच्या या फ्लॅटमध्ये टीव्हीखालच्या फळीवर असतो. तू त्यात बटणं ठेवायचीस, मी औषधाच्या गोळ्या ठेवते. परवा जावयाच्या ओळखीचे एक गृहस्थ आले होते, जुन्या रेकॉर्डी जमवणारे. त्यांनी गोळ्या टेबलावर ओतल्या, चष्मा कपाळावर चढवला आणि तळाचं लेबल वाचत बसले. चहा गार झाला तरी नजर लेबलावरच. म्हटलं, आता हे सोन्याचा भाव सांगतात की काय! त्यांनी जे सांगितलं ते तुला कळायला हवं, म्हणून लिहायला बसले.

तुझी ती एकुलती एक रेकॉर्ड. एका बाजूला तुझं भजन, दुसऱ्या बाजूला कुणा बुवांचं. त्या एका भजनासाठी वर्षभर दर रविवारी तू बेलवलीला गुरुजींकडे जायचीस आणि मला अंबरनाथला शेजारच्या काकूंच्या ओट्यावर बसवून जायचीस. तुझ्या गाण्याचा मला राग होता, खोटं कशाला बोलू. ही रेकॉर्ड चालली तर दुसरी काढू, असं कंपनीवाले म्हणाले होते, म्हणजे पुढचे रविवारही गेलेच. मग एक दिवस पोस्टाने पार्सल आलं. आपल्याकडे कुठला ग्रामोफोन! तू लग्नातली जांभळी साडी नेसलीस आणि आपण दोघी निर्वासितांच्या कॅम्पात त्या सिंधी काकांच्या दुकानात गेलो. ते ग्रामोफोन दुरुस्त करायचे आणि तुला अदी म्हणायचे, म्हणजे ताई. त्यांनी तुला स्टूल दिलं, नवी सुई लावली, शेजारच्या दुकानांतल्या माणसांनाही हाक मारली. तुझं नाव वर ठेवून तबकडी फिरायला लागते. तू पदराचं टोक बोटाला गुंडाळतेस. आणि आतून बुवा गायला लागतात, चांगल्या भरदार आवाजात. कुणीतरी हसलं. वाईट मनाने नव्हे, पण हसलं. तू स्वतः उठून सुई उचललीस, तबकडी पदराखाली घेतलीस आणि चालायला लागलीस.

बाबा कंपनीला पत्र लिहायला बसले होते. तू त्यांच्या हातातून दौत काढून घेतलीस. म्हणालीस, "माझं गाणं त्यांनी घेतलंच नाही. नाव तेवढं छापलं. पुन्हा हा विषय नको." तेव्हा झिजलेल्या रेकॉर्डी गरम पाण्यात मऊ करून लोक वाडगे करायचे, घरोघरी असायचे तसले. कोरी रेकॉर्ड मात्र तूच बुडवलीस. सकाळी बंबातलं कढत पाणी परातीत काढलंस, तबकडी वाकायला लागल्यावर ती तुपाच्या पालथ्या डब्यावर घातलीस आणि फडक्याने चारी बाजूंनी दाबलीस. तुझी बोटं भाजून लाल झाली होती. त्यानंतर तू कणीक तिंबतानासुद्धा कधी गुणगुणली नाहीस. दोन वर्षांनी तापाचं निमित्त झालं आणि तू गेलीस. मी अकरा वर्षांची होते. तुझा चेहरा आठवतो, भाजलेली बोटं आठवतात. आवाज आठवत नाही गं, काही केल्या आठवत नाही.

तर ते गृहस्थ म्हणाले, लेबलांची अदलाबदल झालीय. प्रत्येक गाण्याचा एक नंबर असतो, तो तबकडीच्या मधल्या भागात कोरलेला असतो आणि लेबलावरही छापतात. इथे तुझ्या लेबलावरचा नंबर दुसऱ्या बाजूला कोरलाय आणि बुवांचा तुझ्या बाजूला. म्हणजे तुझं भजन घेतलं होतं आई. बुवांच्या नावाखाली होतं. मी विचारलं, असल्या चुकलेल्या रेकॉर्डीला कोण विचारतं? म्हणाले, विचारतात की, काही जण तर वेडे होतात त्यासाठी, पण सपाट हवी. ती कंपनी केव्हाच बुडाली आणि ही रेकॉर्ड त्यांनी दुसरीकडे कुठेही पाहिलेली नाही. मग त्यांनी वाडग्याच्या बाहेरच्या अंगावरून बोट फिरवलं. "आवाज इथेच आहे. पण आता यावर सुई चालणार नाही." साठ-पासष्ट वर्षं मी ती बाजू घासणीने घासत आलेय. साबण लावून. चकचकीत राहावी म्हणून.

ते गेल्यावर मी खूप रडले. लेक म्हणाली, आई, तुझा काय दोष त्यात, तू लहान होतीस. मी मान हलवली. हे पत्र घडी करून वाडग्यातच ठेवणार आहे, गोळ्यांच्या खाली. दुसरीकडे कुठे पाठवू? पण तिला न सांगितलेलं एक तुला सांगते. त्या दिवशी तू दुकानातून निघालीस तेव्हा रेकॉर्डचं पाकीट खाली पडलं होतं, ते उचलायला मी मागे राहिले. सिंधी काका माझ्यापाशी वाकले आणि म्हणाले, "बेटी, अदी को बोल, पलटके भी सुने." मी ऐकलं. मला नीट कळलंही. धावत तुझ्याजवळ आले तर तू विचारलंस, काय म्हणत होते? मी म्हणाले, काही नाही. पुढच्या रविवारी तू घरी होतीस. शिरा केलास. मी दोनदा मागून घेतला.