डेगचीचा कान

माय, आज दुकानात एका मंडपवाल्यानं शिडी आणली. अ‍ॅल्युमिनियमची, तू म्हणायचीस तसं जर्मनची. पावसाळाभर खताच्या गोण्यांना टेकून उभी होती, पायऱ्यांच्या रिबिटांपाशी पांढरी भुकटी धरलेली. म्हणाला, "मिस्त्री, घासून चकाचक करा, सांजच्याला गडी चढणारेत." भुकटी खरवडली तर खाली बारीक खड्डे, आणि एका खड्ड्यातून केसाएवढी चीर निघालेली.

मला तुझी जर्मनची डेगची आठवली. बोअरच्या खाऱ्या पाण्यानं तिच्या कानापाशी असेच खड्डे पडले होते. तू अंगठा फिरवून म्हणालीस, "ह्याला देवीचे वण पडलेत. वजन न्हाई धरायचा आता." मी तेव्हा पंचविशीतला, कुणाच्या हाताखाली न शिकता नुकतंच दुकान टाकलेलं. "तुला काय कळतंय माय ह्यातलं?" "लई शहाणा हायस. मशीनीचं न्हाई कळत, भांड्याचं कळतंय." मी पॉलिशच्या चाकावर बफ मारून डेगची आरशासारखी केली. चौथ्या दिवशी तू चुलीवरून अंघोळीचं पाणी उतरवतेस, कान तुटतो, कढत पाणी दोन्ही पायांवर. शेजारणी धावत येतात तर तू म्हणतेस, "माझाच हात सुटला." मी दारातच उभा होतो.

तो कान अजून आहे माझ्याकडे, एका डब्यात. भिंगाखाली कितीदा पाहिला. खड्ड्यापाशी तुटलेली कड काळपट, म्हणजे चीर जुनी; पुढची चकचकीत, ती त्या सकाळी फाटलेली. कारण मग पुस्तकांतून शोधलं. ताण सगळ्या पत्र्यावर सारखा नसतो, खड्ड्याच्या बुडाशी गोळा होतो आणि चीर तिथूनच धरते. बफनं वरचे काठ गुळगुळीत केले, खोल खड्ड्यांची बुडं तशीच राहिली, पत्रा मात्र आणखी पातळ झाला.

मंडपवाल्याला सांगितलं, हिच्यावर माणूस चढवायचा नाही. "एवढा मोठा मिस्त्री, अन् शिडीला भेता व्हय? वेल्डिंग मारा की!" मी भिंग त्याच्या हातात दिलं. त्यानं बराच वेळ पाहिलं, मग स्वतःच म्हणाला, "कापून टाका." मी दुकानातली लोखंडी शिडी त्याला दिली. जाताना विचारलं त्यानं, "हे कुणी शिकवलं तुमाला?" तोंडातून सवयीनं निघून गेलं, "कुणी न्हाई. माझं मीच."

हा कागद आता डब्यात त्या कानाजवळ ठेवतो. तुझ्या पायांवरच्या डागांबद्दल शेवटपर्यंत लोक विचारायचे, आणि तू तेच सांगायचीस. हात तुझा सुटला नव्हता, माय.