न मिळालेल्या कॉलेजात एक चक्कर

ताई,

ड्युटीवरून येऊन नुकतीच झोपलीस, म्हणून उठवलं नाही. मी ते कॉलेज बघायला चाललेय. हो, तेच. दोन वर्षांपूर्वी प्रवेश मिळाला होता आणि शिकायचा व्हिसा नाकारला, ते. मी पाहुणी म्हणून आल्यापासून घरात कुणी त्याचं नाव काढत नाही आणि भावजी तर मुद्दाम लांबच्या रस्त्याने गाडी नेतात. अगं, तिथे काय भूत धरणार आहे मला?

काल कॉलेजच्या मातीच्या प्रयोगशाळेत फोन केला. तिथल्या बाई म्हणाल्या, "या की, दाखवते. फक्त चपला नकोत, बूट घाला." म्हणून तुझे बूट नेतेय. शंभर वर्षांपूर्वीची माती त्यांनी बाटल्यांत जपून ठेवलीय म्हणे! तिला अजून वास येतो का, हे मला हुंगून बघायचंय.

आणि एक. परवा तू भावजींना हळूच विचारलंस, "ही परत जाईल ना?" मी ऐकलं. नकाराच्या पत्रात त्या अधिकाऱ्यानेही हीच शंका लिहिली होती. पण तो मला ओळखत नव्हता, ताई.

दुपारी घरी येते. जेवायला थांब माझ्यासाठी.