लिंबाएवढी गाठ

५ नोव्हेंबर, बुधवार

आज घरी आले. पुण्याहून लोणावळ्यापर्यंतचा एकेक स्पीडब्रेकर पोटातून गेला. आता दोन आठवडे ताठ उभं राहायचं नाही. चमडी कापून, ओढून, शिवून टाकलीय — सरळ झाले तर उसवेन असं वाटतं. कमरेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत टाके, वरून पट्टा.

सिस्टर बजावत होती, "दुखायची वाट बघू नका मॅडम, घड्याळ बघून गोळी घ्या." घेतेय. तरी दुखतंय.

सगळ्यांना सांगितलंय — हर्निया. पोट सपाट करून घेतलं हे फक्त ह्यांना माहीत.

६ नोव्हेंबर

कण्हले. हे मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाले, "तुलाच पाहिजे होतं ना? मग सोस."

मलाच! जुळी झाल्यावर पोट लोंबायला लागलं तेव्हा 'पिशवी' कोण म्हणायचं? लाडानं म्हणे! आणि शेजारच्या रेणुकाकडे हळदीकुंकवाला ती पाहुणी — "कितवा महिना?" त्रेचाळिसाव्या वर्षी! पोरं इंजिनिअरिंगला आहेत माझी. त्या दिवशी वाण तिथंच विसरून आले.

हौसेचं दुखणं म्हणून मोठ्यानं ओरडायचीही चोरी. खऱ्या हर्नियावाल्या बायका तरी मनसोक्त कण्हत असतील.

७ नोव्हेंबर

सासूबाई आल्या गावाहून, वडिवळ्याहून. ह्यांनी मला न विचारता बोलावलं. पिशवी खाली ठेवायच्या आधीच, "भात कापायला आलंय, मानसं मिळंनात, तरी टाकून आले बग."

मग टाके बघायचे म्हणाल्या. मी चादर गळ्यापर्यंत ओढली. डॉक्टर नको म्हणालेत, सांगितलं.

८ नोव्हेंबर

शिंक आली. मेले असते! सासूबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या, "उशी दाब पोटाशी, मंग शिंक!" दाबली. खरंच कमी दुखलं. हे त्या एवढ्या मोठ्या हॉस्पिटलात कुणी सांगितलं नाही.

पण आभार मानायच्या आत चौकशी सुरू. "गाठ कुटं हुती गं? बेंबीच्या वर का खाली?"

"खाली."

"केवडी?"

काहीतरी सांगायचं म्हणून म्हटलं, लिंबाएवढी.

"लिंबायेवडी म्हंजी काईच न्हाई."

मला राग आला! नसलेल्या गाठीला नावं ठेवली म्हणून राग. कमाल आहे माझी.

१० नोव्हेंबर

गोळ्यांनी पोट साफ होत नाही. जोर लावायचा नाही. रडले संडासात बसून. बाहेर ह्यांचं दार वाजवणं — "ऑफिसला उशीर होतोय."

११ नोव्हेंबर

पट्टा सुटला. मी उभ्या उभ्याच आवळायला लागले तर सासूबाईंनी हात धरला. "उबं राहून बांदायचं न्हाई, उपेग न्हाई त्येचा. आदी आडवी हो." गाऊनवरूनच बांधला. एकदाही चुकीच्या जागी हात नाही, कुठं घट्ट कुठं सैल बरोबर माहीत. रोजचंच काम असल्यासारखा. आठवड्यात पहिल्यांदा दोन तास नीट झोप लागली.

उठले तर पुन्हा, "भूल देताना कळतं का गं? किती टायम लागला? उटून कामाला कवा लागतं मानूस?"

हिला संशय आलाय. नक्की! कुणी रेणुकासमोर बोललं तर सगळ्या मावळात बोभाटा होईल — अमक्यांच्या सुनेनं पोट कापून घेतलं. जुळ्यांच्या वेळी चाळिसाव्या दिवशी लावणीला चिखलात उतरवलं होतं ह्याच बाईनं. आणि आता हीच उलटतपासणी घेणार! उद्या ह्यांना सांगते, तुमच्या आईला घरी पोचवा.

१२ नोव्हेंबर

सांगितलं. हे म्हणाले, "तिला काय वाटेल?" आणि मला काय वाटतं ते विचारायचं कधी सुचलं? शेवटी कबूल झाले — परवा सोडतो.

सासूबाई फक्त "बरं" म्हणाल्या. मला आनंद झाला. खोटं कशाला लिहू, झालाच.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी त्यांना चहाला हाक मारायला गेले. जायची तयारी चालली होती. दार नुसतं लोटलेलं होतं, ढकललं. त्या जमिनीवर उताण्या पडल्या होत्या आणि जुन्या लुगड्याची पट्टी पोटावर बांधत होत्या. पट्टीखाली गाठ. नारळाएवढी.

मला बघून पदर ओढला नाही. म्हणाल्या, "बारा वर्सं झाली. कुनाला सांगायचं? भीती वाटायची कापायची. तुजं झालं, तू चालाया लागली, म्हनून धीर आला जरा."

मी हळूहळू त्यांच्याशेजारी खाली टेकले.

माझा हात धरून विचारलं त्यांनी, "तुज्यासारकंच करून घ्यावं म्हनते. खरं सांग — हर्नियाचं लय दुकतं का गं?"

मला काय माहीत!