डावा कान

५ नोव्हेंबर, दिवेआगर
आले एकदाची! म्हसळ्याहून तासाभराचाच रस्ता. नारळी-पोफळीच्या वाडीत डॉक्टर दत्तात्रेयांची संशोधनशाळा आहे. एका इंजेक्शनने कानातल्या पेशींची जनुकं बदलायची आणि माणसाचा कान कुत्र्याइतका तिखट करायचा, हे त्यांचं काम. मी इथली नवी नर्स. खोली हवेशीर आहे. स्वयंपाकाच्या आवडाबाईंनी आल्या आल्या तांदळाची भाकरी नि सुकटीची चटणी वाढली.

९ नोव्हेंबर
माझा डावा कान लहानपणी तापात गेला, हे डॉक्टरांच्या लक्षात आलं. तू घेतेस का, म्हणाले. हे उतरत नाही, कायमचं असतं, असंही बजावलं. मला कायमचंच हवं होतं. सही केली.

१४ नोव्हेंबर
ऐकू येतंय! अम्मीचा फोन डाव्या कानाला लावला. ती रडली, मीही. पोफळीवर मुंग्या चालतात तेसुद्धा ऐकू येतं. आवडाबाई मागच्या पडवीत असल्या तरी त्यांच्या छातीचे ठोके मोजता येतात.

१८ नोव्हेंबर
भर दुपारी विहिरीपाशी एक पुरुष बोलला, "आवडे, जाली उन्हान टाक." तिथे कुणीच नव्हतं. आवडाबाईंना सांगितलं, तर त्यांच्या हातातलं पातेलं सुटलं.
"माझा नवरा हाय त्यो. गुणाजी."
मासळीचा थवा ऐकू यावा म्हणून पहिलं इंजेक्शन त्यानेच घेतलं होतं. गेल्या माघात तो चालत समुद्रात गेला.
"त्याला पन मेलेली मानसं आयकू येत व्हती," म्हणाल्या.

२० नोव्हेंबर
आता एकटा गुणाजी नाही. बायका, म्हातारे, एक तान्हं मूल. कापूस घातला, मेण घातलं. उपयोग नाही. डॉक्टरांना म्हटलं, काढा हे. काढता येत नाही, म्हणाले. मग खूप हळू विचारलं, माझा गेलेला मुलगा, ऋत्विक, तो बोलतो का गं?
बोलतो. मी नाही म्हटलं.

२२ नोव्हेंबर
माझ्याशी कुणी बोलत नाही. आपापलंच चाललेलं. हाका मारतात, भांडतात, पोरांना निजवतात — थांबतच नाहीत —

२३ नोव्हेंबर, सकाळ
आज त्यांच्यात नवा आवाज.
"तैयबा, जेवलीस काय गो?"
अम्मी.
काल संध्याकाळीच तर बोलले तिच्याशी. बरी होती. हसत होती.
फोन लावलाय. वाजतोय —
उचलला. माझा भाऊ, अल्तमश. आपा, म्हणाला. एवढंच. मागे कुणीतरी यासीन वाचतंय, मौतीच्या घरी वाचतात ते —
नको बोलूस, अल्तमश. तू सांगत नाहीस तोवर ती अजून