फितीवरचे तिसरे पान

मी, हायरम ट्रॅस्क, वय वर्षे एकोणसत्तर, धंदा सायकलदुरुस्ती, जन्म अमेरिकेतला आणि सन १९१६ पासून मुक्काम फ्रान्समध्ये, सध्या राहणार मार्वोकूर, प्रांत लॉरेन, असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे, हात थोडा कापतो, आणि घरात माझ्याशिवाय कोणीच नसल्याने कोणाच्या दबावाचा प्रश्न येत नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. नोटरीसाहेब म्हणाले, "स्वतःच्या हाताने लिहा, तारीख घाला, सही करा. साक्षीदार लागत नाहीत." मला लागतात. इतकी वर्षे काढूनही या गावात मी अजून "तो अमेरिकन"च आहे. कागदावर तरी शेजारी दोन माणसे असावीत.

कलम एक. दुकान, वरच्या दोन खोल्या आणि सर्व हत्यारे फर्नांद ल्यूरो यांस द्यावीत. पहिल्या महायुद्धात ते आमच्या विमानतुकडीचे मेकॅनिक होते. हत्यारे निम्मी मुळात त्यांचीच आहेत. खुर्च्या दोन आहेत. एकीवर मी बसतो. दुसरीवर रविवारी फर्नांद बसतात आणि बाकीचे सहा दिवस माझा कोट.

कलम दोन. समोरच्या कॅफेच्या मालकीण बेर्त कोलें यांनी सन १९५१ मध्ये माझी शिडी नेली. "उद्या आणून देते हो," असे म्हणाल्या होत्या. तो उद्या अजून उजाडलेला नाही. शिडी त्यांस दिली. त्यांच्या शेळीने खाल्लेल्या माझ्या घेवड्याबद्दल मात्र क्षमा नाही, मेल्यावरही नाही. जी काही शिल्लक असेल तिच्यातून मला पुरावे, आणि येतील त्यांना आलुबुखाराची दारू पाजावी. तीन बाटल्या पुरेत. गर्दी होणार नाही.

कलम तीन. याच्यासाठीच हा सगळा खटाटोप.

माझे युद्धातले पदक, युद्धक्रूस, खाटेखाली बिस्किटांच्या डब्यात आहे. त्याच्या फितीवर कांस्याची तीन ताडपाने आहेत. आपला देश युद्धात नसताना हौसेने फ्रान्सकडून लढायला आलेली आम्ही अमेरिकन पोरे, शत्रूचे एक विमान पाडले की फितीवर एक पान मिळवत असू. त्यातले तिसरे पान माझे नाही.

ऑक्टोबर १९१६ मध्ये एका सकाळी माझी दाढ ठणकत होती. गालात लवंग धरून मी पडून होतो. तुकडीतला माझा मित्र वॉरेन गिडिंग्ज याच्या विमानाचे इंजिन उघडलेले होते, म्हणून तो माझे विमान घेऊन गेला. माझ्या विमानावर फर्नांदने लाल किटली रंगवली होती, कारण माझे वडील किटल्या विकत. वॉरेनने एक जर्मन विमान पाडले. टेहळणीच्या फुग्यातून पाहणाऱ्या शिपायांनी फोन केला की लाल किटलीने पाडले, आणि कचेरीतल्या कारकुनाने किटलीपुढे माझे नाव लिहिले.

जनरलसाहेबांनी सर्वांसमोर मला पान लावले आणि रिवाजाप्रमाणे दोन्ही गालांचे मुके घेतले. मागच्या रांगेतून वॉरेन पुटपुटला, "मुके ठेव रे तुला, पान तेवढं दे!" नंतर जेवताना म्हणाला, "जाऊ दे, किटली. उद्या मी दुसरं पाडतो. त्या कारकुनाला कशाला छळायचं?" मी हसलो. एक चिठ्ठी लिहिली असती तर काम झाले असते. मला ते पान आवडले होते, हे खरे कारण.

पाचव्या दिवशी दुरुस्त झालेले इंजिन तपासायला वॉरेन वर गेला आणि पडला. तो शत्रूसमोर मेला नाही, म्हणून त्याला पदक नाही, पान नाही. त्याच्या आईने अमेरिकेतल्या व्हरमाँटहून मला पत्राने विचारले, "माझ्या वॉरेननं काही केलं का हो? गावात लोक विचारतात." मी उत्तर दिले की वॉरेन सगळ्यांचा लाडका होता. त्या माउलीने त्याबद्दल माझे आभार मानले. ती आता नाही. वॉरेनची बहीण लेटी दर नाताळला मला पत्र लिहिते, "माझ्या भावाच्या मित्रास" म्हणून. वर्षाकाठी मला येणारे पत्र तेवढे एकच. खरे कळल्यावर तेही बंद होईल, या भीतीने मी गप्प राहिलो. तरी माझ्या मृत्यूनंतर ते तिसरे पान आणि या कलमाची नक्कल लेटीस पाठवावी.

पुरवणी, त्याच दिवशी, दुपारी चार वाजता. फर्नांद सहीसाठी आले. चष्मा लावून त्यांनी सगळे वाचले आणि कागद माझ्यापुढे सरकवला.

"मेल्यावर कशाला, किटली? टपाल कचेरी पाचपर्यंत उघडी असते."

"लेटी काय म्हणेल?"

"ते इंजिन मी बसवलं होतं," फर्नांद म्हणाले. "शाळामास्तरांकडून इंग्रजीत लिहून घेऊन मी त्याच्या आईला कळवलं, बाई, चूक माझी असू शकते. तिनं मला माफ केलं. अजून जपून ठेवलंय ते पत्र. तू तर त्यांना माफ करायची संधीसुद्धा दिली नाहीस."

मग त्यांनी बारीक पक्कड काढून पान फितीवरून सोडवले. लिफाफ्यावर पत्ता त्यांनी लिहिला. आतले पत्र मात्र मी लिहिले, आणि पाचाच्या आत लिफाफा टपालात टाकला.

सबब कलम तीन रद्द. ती वस्तू माझी नव्हती आणि आता माझ्याकडे नाही. परवा ११ नोव्हेंबरला, युद्धसमाप्तीच्या दिवशी, महापौरांच्या आग्रहाप्रमाणे, मी स्मारकापाशी क्रूस लावून उभा राहीन. फितीला पडलेले भोक कोणी शिवू नये. कोणी विचारलेच तर मी सांगेन.

नाताळला पत्र आले नाही तरी पोस्टमनला दोष देऊ नये.

साक्षीदार:
१. फर्नांद ल्यूरो, मेकॅनिक. लाल किटली मी रंगवली होती.
२. बेर्त कोलें, कॅफे. शिडी सोमवारी आणून देते. शेळीचं मला माहीत नाही.

मार्वोकूर, शुक्रवार, ९ नोव्हेंबर १९६२

सही: हायरम ट्रॅस्क, दोन पाने